मूठभर बियाणं, गावभर सुगंध

मुलांनो, कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा काढा बरं! आता बोट दक्षिणेकडे सरकवा. गडहिंग्लज सापडलं? तिथून आंबोलीकडे जाणारा रस्ता धरा. वाटेत हिरण्यकेशी नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी एक गाव लागेल. तेच आजरा. ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत इथंच जन्मले.

पावसाळ्यात या भागात आलात तर छत्रीचा काही उपयोग नाही. इथल्या शेतकऱ्यासारखं इरलं किंवा घोंगडीच हवी! चोहीकडे भाताची खाचरं आणि त्यांत उभं असलेलं पाणी. याच खाचरांत आजऱ्याचा प्रसिद्ध तांदूळ पिकतो, त्याचं नाव घनसाळ. दाणा आखूड, पण वास असा की एका घरात भात शिजला की शेजारच्या घरातल्या पोरांना भूक लागते! २०१६ साली ‘आजरा घनसाळ’ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय, तर दुसऱ्या भागात पिकवलेला तांदूळ आता या नावानं विकता येत नाही.

मग आता सगळं छानच झालं म्हणायचं? थांबा. मानांकनानं नाव जपलं. बियाणं कोण जपणार?

बी हरवतं कसं?

घनसाळला पिकायला जवळजवळ पाच महिने लागतात. रोप उंच वाढतं, वारा आला की आडवं होतं आणि नव्या जातींपेक्षा उताराही कमी पडतो. त्यामुळं कुणी ऊस लावला, कुणी दुसऱ्या जातीचं भात पेरलं. यात शेतकऱ्याची काय चूक? त्यालाही घर चालवायचं असतं. पण त्याबरोबर घनसाळ, काळा जिरगा, जोंधळा जिरगा अशा जुन्या जातींचं बी थोड्या घरांत उरलं. त्यातच एकाच खळ्यावर दोन जातींची मळणी झाली की दाणे एकमेकांत मिसळतात. पुढच्या वर्षी तेच पेरलं की भेसळ आणखी वाढते. असं होत राहिलं तर पोत्यावर नाव घनसाळचंच राहील, पण ताटातला वास जाईल.

“मग थोडं बी डब्यात घालून कुलूप लावून ठेवायचं!” असं तुम्ही म्हणाल. पण बियाणं म्हणजे काही सोनं नव्हे. आपल्या दमट हवेत साधं साठवलेलं भाताचं बी दोन-तीन वर्षांत उगवेनासं होतं. ते दरवर्षी कुठं ना कुठं पेरावंच लागतं. एकाच घरात असलं आणि त्या घराचं पीक बुडालं, तर सगळंच संपलं. दहा घरांत असलं तर एकाचं बुडालं तरी नऊ घरांत ते शिल्लक राहतं. म्हणून बी वाटायचं असतं.

बटाट्यांची जत्रा

हे वाटणं इंग्लंडमधले बागप्रेमी लोक मोठ्या हौसेनं करतात. तिथं हिवाळा संपता संपता गावोगावी ‘बटाटा दिवस’ भरतो. एखाद्या सभागृहात टेबलांवर खोकी मांडलेली असतात. प्रत्येक खोक्यात वेगळ्या जातीचे बटाटे आणि वर नावाची पाटी. हवा तर एका जातीचा एकच बटाटा घ्या! लोक घरी नेऊन ते अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे ठेवतात आणि कोंब फुटले की लावतात.

इतक्या जाती कशाला, असं वाटतं ना? त्याचं उत्तर आयर्लंडच्या इतिहासात आहे. तिथले गरीब लोक बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. १८४५ साली करपा रोग आला. सगळी रोपं सारखीच, म्हणून सगळीच बळी पडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगांनी मेली.

आपल्याकडेही असं काम चालतं बरं का! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाणं जमवून बीजबँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

आजऱ्यात असा दिवस भरवायचा तर?

एक नाही, दोन दिवस भरवावे लागतील. भाताचा दिवस मे महिन्यात, रोहिणी नक्षत्राच्या धूळवाफ पेरणीआधी. त्याच दिवशी काकडी, दोडका, भोपळा यांच्या बिया आणि हळदीचे, आल्याचे कंदही मांडता येतील. बटाट्याचा दिवस पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला.

बटाट्याचं बेणं बाहेरून आणलेलं बरं. पानं आकसवणारे विषाणू मावा किडीमार्फत पसरतात आणि घरचाच बटाटा वर्षानुवर्षं लावला तर पीक खालावत जातं. जिथं थंडीत मावा कमी असतो तिथं निरोगी बेणं तयार होतं. पंजाबातलं जालंधर त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण बेण्याचं पोतं साधारण ५० किलोचं, आणि परसबागेला लागतात दोन किलो! मग गणित करा: २५ घरं मिळून एक पोतं. ४० ग्रॅमची एक फोड धरली तर प्रत्येक घराला ५० फोडी. आहे की नाही सोपं?

शाळेची पडवी, एक तराजू, कागदी पुड्या आणि एक वही एवढ्यावर हा बाजार भरतो. प्रत्येक पुडीवर तीन गोष्टी लिहायच्या: जातीचं नाव, गाव आणि कोणत्या वर्षीचं पीक. वहीत लिहायचं कुणी किती नेलं ते. एक मापटं बी नेणाऱ्यानं पुढच्या सुगीला दोन मापटी परत द्यायची, असा नियम ठेवता येतो. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी जपायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त कायद्यानं संरक्षित जात असेल तर तिचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

आणि तपासणीचं काम तुमच्याकडं! ओल्या गोणपाटावर भाताचे १०० दाणे मांडा, गुंडाळा आणि ओल टिकवा. आठ-दहा दिवसांनी कोंब मोजा. ८० किंवा जास्त उगवले तर बी पास! दुसरी परीक्षा मिठाची. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. पोचट दाणे वर तरंगतील, ते काढून टाका. तळाशी बसलेले भरीव दाणे साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. बटाट्याच्या प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत. कापलेली फोड सावलीत सुकवूनच लावा, नाहीतर मातीत कुजेल. बेण्याला औषध लावलेलं असू शकतं, म्हणून ते शिजवायचं नाही आणि हाताळल्यावर हात धुवायचे.

तुम्ही आजऱ्याचे नसलात तरी काय बिघडलं? तुमच्या आजीच्या फडताळात, गाडग्यात, जुन्या कापडाच्या पुरचुंडीत काही बिया असतीलच. “आजी, हे कसलं गं बी? तुला कुणी दिलं?” एवढं विचारा. जे सांगेल ते वहीत लिहा. मग त्यातली अर्धी मूठ घरी पेरा आणि उरलेली अर्धी मैत्रिणीला द्या.