तिसरा भिडू

नोव्हेंबरचा शेवट. सकाळी रत्नागिरीहून तुतारी एक्स्प्रेस, सावंतवाडीपर्यंत. संध्याकाळी तीच गाडी परत. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चिवडा आणि वही. वहीत जायच्या वस्तू टिपायच्या होत्या. जायच्या म्हणजे नाहीशा व्हायच्या. काही वाटेत असल्या, काही नसल्या.

राज्यराणी. गाडीचं आधीचं नाव. मग केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी झालं. केशवसुत रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे, त्यामुळे नाव गाडीला शोभतं. समोरचे आजोबा मात्र फोनवर सांगत होते, ‘राज्यराणीत बसलंय.’

पुठ्ठ्याचं तिकीट. दोन बोटं रुंद, कडक. तारीख ठोकायच्या यंत्रात घातलं की खट् व्हायचं. प्रवास संपला की पुस्तकात खूण म्हणून राहायचं. माझं आजचं तिकीट फोनमध्ये आहे आणि फोनची बॅटरी चाळीस टक्के.

डिझेलचा धूर. कोकण रेल्वेच्या सगळ्या ७४१ किलोमीटरवर २०२२ पर्यंत विजेच्या तारा आल्या. त्याआधी टिकेचा चार किलोमीटरचा बोगदा म्हणजे खिडक्या ओढून घ्यायची धांदल. ओढल्या तरी नाकात धूर. आज बोगदा आला, दिवे लागले, कुणी मान वर केली नाही. हा धूर परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. यादीत आहे म्हणून प्रत्येक गोष्टीसाठी हळहळायला पाहिजे असं थोडंच आहे.

नदीत टाकायचं नाणं. पानवळच्या पुलावर गाडी ६४ मीटर उंचावरून जाते. खाली धुकं, धुक्यातून वर आलेली माडांची डोकी, नदी असेल असा नुसता अंदाज. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी पर्स उघडली, चाचपली, मिटली. मग नुसते हात जोडले. सुटे नसणार. चहावाल्यालाही त्यांनी फोनवरूनच पैसे दिले होते.

बोट. आजी कोकणसेवकने मुंबईला जायची आणि अर्धा रस्ता ओकत जायची. बोट रेल्वेमुळे बंद पडली असं लोक सांगतात, ते खरं नाही. रेल्वे यायच्या आधीच ती गेली होती. सबंध मार्गावर गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. मधली वर्षं एसटीने काढली. ओकणं तेच.

सारवलेलं खळं. भातझोडणी आटोपली की अंगण चोपून, शेणाने सारवून ठेवतात, त्यावर माटव घालतात. विलवडे सोडल्यावर मोजायला लागले. बोगदे, डोंगर कापून काढलेल्या खोल खाचा आणि पुन्हा बोगदे यांच्या मधून जेवढं दिसलं त्यात सारवलेली सात, कोब्याची तर मोजायचीच सोडली. मंगलोरी कौलं अजून पुष्कळ आहेत. त्याआधीचे हाताने थापलेले नळे एका मांगरावर दिसले, तेही अर्धेच. उरलेल्या अर्ध्यावर निळा पत्रा.

क्रॉसिंगला थांबणं. हे शिल्लक आहे. एकेरी रूळ, समोरून येणारी गाडी जाईपर्यंत थांबायचं. समोरून रो-रो आली, वाघिणींवर ट्रक, ट्रकच्या केबिनमध्ये पाय वर घेऊन झोपलेले ड्रायव्हर. मग निघालो.

स्टेशनच्या नावातलं ‘रोड’. हेही जाणार नाही. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. ‘रोड’ दिसलं की समजायचं, गाव इथे नाही. सावंतवाडीचं स्टेशन मळगावात आहे, शहर तिथून सातआठ किलोमीटर.

पत्त्यांचा डाव. दोन बाकांच्या मधे गुडघ्यांवर टॉवेल ताणायचा, चौघांनी चार टोकं मांडीखाली दाबायची. पाचवा हमखास मागून सांगणारा. कणकवलीपर्यंत डब्याच्या दोन फेऱ्या मारल्या, एकही टॉवेल नाही. एका मुलाच्या फोनवर रमी चालली होती, एकट्याची. मी वाकून पाहिलं तसा त्याने फोन कलता केला.

‘वांगडा कोण आसा?’ सोबत कोण आहे, हा प्रश्न. एकट्या बाईला हा कोकणात फार ऐकावा लागायचा आणि मला त्याचा राग यायचा. आज डब्यात कुणी विचारला नाही. रिक्षावाल्यानेसुद्धा फक्त ‘खंय?’ एवढंच विचारलं. चितार आळी म्हटलं.

चितार आळी. चितारी लोकांची, लाकडी खेळण्यांची गल्ली. लाकडी फळं ही इथली प्रसिद्ध वस्तू. केळं, आंबा, फणस, सीताफळ, लांबून खरी वाटावीत अशी. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, कोरायला सोपं, म्हणून ते. आता पांगारा मिळत नाही, मिळेल ते लाकूड घेतात, असं दुकानातल्या काकी म्हणाल्या. त्यांच्या मागच्या फळीवर कारखान्यात झालेली, दुसऱ्या राज्यातून आलेली खेळणीही होती. ती खपतात. काकींनी ते लपवलं नाही.

भातुकलीचा संच उघडून दाखवला. जातं. उखळ, मुसळ. पाटा-वरवंटा. चूल. सूप. रवी, तिला गुंडाळायच्या दोरीसकट. आडोळी, म्हणजे आमच्याकडची विळी. पाट, त्यावर चार ठिपक्यांचं फूल. शेवया पाडायचा शेवगा, बोटाएवढा. मी एकेक नाव घेत गेले आणि शेजारी उभी असलेली आठनऊ वर्षांची मुलगी ऐकत राहिली. तिला चूल ओळखता आली, पाट ओळखता आला. शेवगा तिला खुर्ची वाटला. जातं फिरवून ती म्हणाली, डीजेचं आहे का? तिची आई हसली, मीही हसले, काकी हसल्या नाहीत. माझ्या आजीच्या घरातलं जातं मागच्या दारी पायरी म्हणून पडलंय. लाकडाचं हे पेरूएवढं जातं अजून गरागरा फिरतं. त्याच्या शेजारी गॅसची शेगडीही ठेवली होती, तांबडी, दोन बर्नरची. काकी म्हणाल्या, पोरी ती आधी उचलतात.

(संच घेतला नाही. रवी सुटी मिळेल का विचारलं. सुटं देत नाहीत.)

जेवण. सुरमई, सोलकढी. यादीत नाही.

मोती तलावाच्या काठाने राजवाडा. दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवतात. पाच-सहा जणी खाली मान घालून, पातळ कुंचल्याने, तळहाताहून लहान गोल पत्त्यावर मत्स्य, कूर्म, परशुराम. गंजिफा इथे जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींना गाठलं, त्यांच्याकडून काम शिकून घेतलं आणि वाड्यातच ते पुन्हा सुरू केलं. कागदावर कागद, चिंचोक्याची खळ, वर रंग, त्यावर लाख. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. काम चालू आहे.

म्हणजे ही वस्तू वाचली. वहीत तिच्यापुढे फुली मारणार होते, तेवढ्यात एकीला विचारलं, तुम्ही खेळता का?

ती म्हणाली, ‘नाय ओ. आमी रंगवताव.’

खेळ असा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून १२० पत्ते. गोल पत्ते पिसता येत नाहीत, चादरीवर कालवायचे. भिडू तीन, प्रत्येकाच्या हातात चाळीस. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे पडलेलं पान लक्षात ठेवायचं ते रंगासकट आणि कुठल्या रंगाची गिनती उलटी तेही. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करणार, रात्री कृष्णाचा. हे मी पुस्तकात वाचलं आहे. खेळताना एकही माणूस पाहिलेला नाही. लोक पत्ते नेतात ते भिंतीवर लावायला.

फुली मारली नाही. पुढे लिहिलं: पत्ते आहेत. भिडू नाहीत.

सगळ्यात लहान संच घेतला, सरकत्या झाकणाच्या रंगीत पेटीसकट. किंमत लिहीत नाही, वही घरी कुणीतरी वाचतं.

बाहेर भिंतीवर दशावतारी नाटकाचं पोस्टर, जत्रांचे दिवस सुरू झाले होते. इथे दहा अवतार रात्रभर देवळापुढे नाचतात आणि पेटीत गोल होऊन पडतात, दोन्ही एकाच गावात. दशावताऱ्यांचा पेटारा, हीसुद्धा यादीतली वस्तू. सोंगांचं सगळं सामान त्यात; डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला पायी. ‘रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा.’ आता टेम्पो असतो. राजाच्या मानेला आराम. म्हण उरली.

खाजं, पाव किलो. स्टेशन.

गाडी इथूनच सुटते, त्यामुळे घाई नव्हती. फलाटावरच्या बाकावर पेटी उघडून पत्ते पाहत बसले. शेजारी एक बाई, मांडीवर हारा, हाऱ्यात नारळ. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘ह्यां काय?’

‘पत्ते.’

‘गोल?’ त्यांनी एक उचलून पालथा करून पाहिला. ‘खेळतत कशे?’

मला येत होतं तेवढं सांगितलं. दहा रंग, उलटी गिनती, तीन भिडू. त्यांचा मुलगा दोन्ही हातांत चहा घेऊन आला, तोही ऐकायला उभा राहिला. मग बाईंनी माझ्या पलीकडे, रिकाम्या बाकाकडे पाहिलं. ‘वांगडा कोण आसा?’

‘कोण नाही.’

‘मगे आमी दोगां आणि तू. वाट.’

ओढणी बाकावर पसरली, पत्ते कालवले, चाळीस-चाळीस वाटले. चाळीस गोल पत्ते एका हातात राहत नाहीत. बाईंनी पदरात घेतले, मुलाने शर्टाच्या खिशात कोंबले. रामाचा राजा मुलाकडे निघाला, कृष्णाचा बाईंकडे. सहा वाजत आले होते. मळगावच्या डोंगरामागे ऊन गेलं होतं, फलाटावरचे दिवे अजून लागले नव्हते. दिवस म्हणायचा की रात्र, यावर मायलेकांचं भांडण लागलं. गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा ते चालूच होतं.