मुख्य विषयाचा रकाना

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जात मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, रकाना असतो. तो भरावा की ‘अनिश्चित’ लिहावे, हे विद्यार्थ्याच्या मनापेक्षा संस्थेच्या नियमांवर अधिक अवलंबून असते. हार्वर्डमध्ये विषय दुसऱ्या वर्षी जाहीर होतो. अर्जातील उल्लेखाने कोणी बांधले जात नाही. कार्नेगी मेलनमध्ये मात्र प्रवेशच विशिष्ट विद्याशाखेत मिळतो, आणि संगणकशास्त्रात मागाहून शिरणे अवघड असते. अभियांत्रिकीत गणित-भौतिकीची साखळी पहिल्याच सत्रात सुरू होते. तिथे उशिरा आलेल्याचे एखादे सत्र वाढले, तर शुल्कही वाढते. कमी मागणीचा विषय लिहून आत शिरायचे आणि मग बदलायचे, ही युक्ती विद्याशाखेनुसार प्रवेश देणाऱ्या ठिकाणी अंगाशी येते. विषयबदलाचे नियम अर्जाआधीच वाचावेत.