तोंडात होतंच की

फ्रेंच शिकायला निघालेल्या मराठी माणसाचा पहिला घात इंग्रजी करते. आपल्याकडे फ्रेंच येते तीच मुळी तिचं बोट धरून. अकरावी-बारावीला मार्क मिळवून देणारा विषय म्हणून मुलं ती घेतात, पेपर झकास सोडवतात, आणि दोन वाक्यं बोलायची वेळ आली की 'तु'चा 'टू' करून मोकळी होतात. रोमन 'टी' दिसला रे दिसला की जीभ शाळेतल्या सवयीने टाळूकडे वळते. वास्तविक फ्रेंच त हा आपल्या ताटातला त, दाताला टेकणारा. द दारातला. प आणि क म्हणताना हवेचा झोत सोडायचा नाही, एवढ्यासाठी इंग्रज माणसाला ओठांपुढे कागद धरून 'पारी, पारी' घोकावं लागतं. कागद हलला की चुकलं. आपल्याला प निराळा आणि फ निराळा हे बाराखडीच्या आधीपासून ठाऊक असतं.

म्हणजे बराचसा ऐवज घरातच आहे. तो सापडत नाही, कारण आपण परकी भाषा डोळ्यांनी बोलतो. इंटरनेटवरच्या साधनांचं मला कौतुक आहे ते यासाठी, की ती डोळे मिटू देतात. फोर्वो नावाच्या संकेतस्थळावर २००८पासून जगभरची माणसं आपापल्या भाषेतले शब्द स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवताहेत. एखादा आवाज घाईतला, एखाद्याच्या मागे खोलीचा घुमारा. ऑगस्ट महिन्याचं फ्रेंच नाव लिहायला चार अक्षरं. ऐकायला गेलं तर कुणी नुसतं 'ऊ' म्हणतो, कुणी 'ऊत'. दोन्ही चालतं. छापील कोशातून हे कळतं, पण पटतं ते कानाला.

नाकाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. 'अँ बोँ व्हँ ब्लाँ', म्हणजे एक चांगली पांढरी वाइन, एवढ्या चार शब्दांत चार अनुनासिक स्वर. (पॅरिसकरांनी त्यातला पहिला तिसऱ्यात मिसळून टाकला आहे, दक्षिणेकडची माणसं मात्र तो अजून वेगळा राखून आहेत.) आपण यातल्या प्रत्येकापुढे न् नाहीतर ङ् चिकटवतो. 'बोँझूर'चं 'बॉनजूर' होतं ते असं. आपल्याही शब्दांवर एके काळी असली टिंबं होती: नांव, पांच, कांहीं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती पुसली, आणि देशावर तो सूर नाकातून कधीच उतरलेला असल्याने फारसं कुणाचं अडलं नाही. पण सिंधुदुर्गात, गोव्यात तो अजून खणखणीत आहे. 'हांव' म्हणणाऱ्या माणसाला फ्रेंच अनुनासिक निराळा शिकवायला नको. त्याने फक्त आपलं कोकणी नाक लपवायचं थांबवावं.

एक स्वर मात्र खरोखरच परका. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. सांगायला सोपं, पण जीभ ओठांमागे फरपटत जाते आणि साधा 'ऊ'च निघतो. त्यातून, स्वतःच्या तोंडून काय निघालं हे स्वतःला ऐकू येत नाही, ही खरी पंचाईत. इथे प्राट उपयोगी पडतं. आम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं हे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं. आवाज पडद्यावर करड्या पट्ट्यांनी उमटतो. 'ऊ' म्हटलं तर गडद पट्ट्यांची खालची जोडी तळाशी बिलगून बसते, दुसरी पट्टी साधारण ८०० हर्ट्झच्या आसपास. फ्रेंच स्वर जमला की तीच पट्टी दुपटीच्याही वर चढते, 'ई'च्या शेजारी. जमला नाही तर जागची हलत नाही. वाद घालायला जागाच नाही.

फ्रेंच उच्चार यंत्राने असा पकडण्याचा नाद जुना आहे. झाँ-पिएर रूसलो या धर्मगुरूने १८९१मध्ये प्रबंध लिहिला तो शारांत भागातल्या सेलफ्रुअँ गावच्या एका कुटुंबाच्या बोलीवर, आणि ते कुटुंब त्याचं स्वतःचं. तोंडातली आणि नाकातली हवा नळीने नेऊन काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तो तिची रेघ उमटवी. घरच्यांना नळी नाकाला लावून बसवणारा हा पाद्री मला फार आवडतो. पॅरिसच्या साहेबी फ्रेंचचा दरारा ऐन भरात असताना त्याला खेड्यातली बोली मोजण्याजोगी वाटली.

मोबाइलवरचं श्रुतलेखन त्या मानाने लबाड. भाषा फ्रेंच ठेवून बोललं की ते ऐकलेलं लिहून दाखवतं. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या दोन शब्दांत फरक फक्त मघाच्या त्या परक्या स्वराचा. सुटा शब्द म्हणून बघा. 'वर' म्हणता म्हणता फोन 'खाली' लिहितो. तेच अख्ख्या वाक्यात म्हटलं की संदर्भावरून अंदाज बांधून आपल्याला सांभाळून घेतो, भिडस्त पाहुण्यासारखा. त्यामुळे लांबलचक वाक्य बिनचूक उमटलं म्हणून हुरळून जाऊ नये. परीक्षा द्यायची तर एकेकट्या शब्दाची.

हल्ली कॅनडाच्या स्थलांतराला गुण मिळावेत म्हणून पुण्या-मुंबईतले इंजिनिअर फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला बसतात. त्यांनी तयारीला पॅरिसचे आवाज घ्यावेतच, पण अधूनमधून रादिओ-कॅनडाच्या बातम्याही लावाव्यात. क्यूबेकचा माणूस 'तु'ला 'त्सु' म्हणतो, 'दि'ला 'द्झि'. दिल्लीच्या विद्यार्थ्याला हे घोटून घ्यावं लागेल. आपल्या 'चमचा'त दोन्ही च तेच आहेत, जागेत ज तोच आहे. सदाशिव पेठेतला माणूस माँट्रियालच्या विमानतळावर उतरला की निदान एवढ्या बाबतीत तरी घरी पोचलेला असतो. थंडीचं त्याचं तो बघून घेईल.