भागिले कशाने?

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही सरपंचापाशी 'पंचवीस पंधरा' म्हणा, पुढचं काही सांगावं लागत नाही. २५१५ हे अर्थसंकल्पातलं मुख्य लेखाशीर्ष, इतर ग्रामविकास कार्यक्रमांचं. त्यातली १२३८ क्रमांकाची योजना म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं : सभामंडप, गल्लीतलं काँक्रीट, स्मशानभूमीची भिंत, पेव्हिंग ब्लॉक. तसंच ३०५४ म्हटलं की रस्ते-पुलांची देखभाल आणि ५०५४ म्हटलं की त्यांचंच भांडवली काम. गावकारभार बघणाऱ्याला ही लेखाशीर्षं तोंडपाठ असतात, कारण पैसा त्याच नावानं येतो. पण "आपल्या तालुक्याला गेल्या दहा वर्षांत सगळे मिळून किती आले?" असं विचारलं की तोच माणूस थांबतो. हा आकडा कुठल्याच एका कागदावर नसतो. तो जुळवावा लागतो. सरकारी खर्चाचे आकडे असे जुळवून त्यांचे आलेख काढणं हे माझं काम. कधी पत्रकारांसाठी, कधी अभ्यासकांसाठी, कधी ग्रामसभेच्या भिंतीवर लावायला.

खांब किंवा रेषा काढायला आता फारसं कौशल्य लागत नाही. एक्सेल घ्या, लिब्रेऑफिस घ्या, डेटारॅपर घ्या. आकडे नीट असतील तर चित्र लगेच उभं राहतं. वेळ जातो तो आकडे नीट करण्यात. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं हजार रुपयांत असतात, जिल्हा वार्षिक योजनेचे तक्ते लाखांत आणि अर्थमंत्र्यांचं भाषण कोटींत. जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत; त्यातला मजकूर उचलून तक्त्यात ठेवला की एक अक्षर वाचता येत नाही, सगळं पुन्हा हातानं टंकावं लागतं. राज्याचं निधीवाटप 'बीम्स' प्रणालीवर दिसतं, वित्त आयोगाच्या पैशाचा ग्रामपंचायतीचा हिशेब 'ई-ग्रामस्वराज'वर, आणि गावाची रोकडवही नमुना पाचमध्ये. एकच रुपया या तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या नावांनी नोंदलेला असतो. त्याचा माग काढणं हे या कामातलं सगळ्यात किचकट आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं पाऊल.

आटपाडी तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी खर्चाचा तक्ता भिंतीवर लावला होता. मागं बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्यानं विचारलं, "ताई, ह्ये मंजूर झाल्यालं लिवलंय का आल्यालं?" सरकारी आकड्यांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात चार रकाने शेजारी-शेजारी असतात. २०२५-२६चं पुस्तक उघडलं तर २०२३-२४चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि मग २०२५-२६चा अर्थसंकल्पीय अंदाज. वर्षभरात पुरवणी मागण्या येतात त्या वेगळ्याच. म्हणजे झालेला खर्च कळायला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि ताजा आकडा हा नेहमी मनसुब्याचा असतो. अनेक आलेखांत हे सगळे आकडे एकाच रेषेनं जोडलेले दिसतात. मनसुबा बहुतेक वेळा खर्चापेक्षा मोठा असल्यामुळे अशी रेषा शेवटाला हमखास वर वळते, आणि वाचणाऱ्याला वाटतं, यंदा भरघोस वाढ झाली. मी झालेल्या खर्चाचा खांब भरीव काढते, सुधारित अंदाजाचा रेघारेघांचा, आणि अर्थसंकल्पीय अंदाजाची नुसती रिकामी चौकट. भिंतीपासून दहा फुटांवर बसलेल्यालाही कळतं की रिकाम्या चौकटीतला पैसा अजून आलेला नाही.

जिल्हा परिषदेत आणखी एक गुंता आहे. शासनाकडून आलेला निधी खर्चायला तिला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत मुदत मिळते. पैसा ३१ मार्चच्या आत कोषागारातून निघाला की राज्याच्या हिशेबात तो खर्च झाला. गावात खडी पडते ती पुढच्या दिवाळीनंतर. महिन्यांनुसार आलेख काढला तर मार्चचा खांब इतर महिन्यांच्या डोक्यावरून जातो आणि सगळे मार्चएंडच्या घाईवर बोट ठेवतात. ती घाई खरीच असते, पण तो खांब कामाचा नसून पैशाच्या प्रवासाचा आहे. म्हणून मी एकाखाली एक दोन पट्ट्या काढते : वर पैसा कोषागारातून कधी निघाला, खाली त्याच कामाचं देयक कधी चुकतं झालं. दोन खांबांमधलं आडवं अंतर म्हणजे गावानं वाट बघितलेले महिने. मला स्वतःला या दोन पट्ट्यांइतकं बोलकं दुसरं काही सापडलेलं नाही.

आता टेंभू. कराडजवळचं हे कृष्णाकाठचं गाव, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. इथं कृष्णेचं पाणी अडवून पाच टप्प्यांत उचलायचं आणि कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, पार सांगोल्यापर्यंत न्यायचं, अशी ही उपसा सिंचन योजना. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी पाणी २००० सालच्या मे महिन्याआधी वापरात आणायचं होतं. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्यानं रोखे विकून पैसा उभा केला. आलेख काढणाऱ्याची पहिली अडचण इथंच येते. रोख्यांचा पैसा अर्थसंकल्पातल्या सिंचनाच्या लेखाशीर्षात दिसत नाही. नुसतं अर्थसंकल्पाचं पुस्तक समोर ठेवून आलेख काढला, तर त्या वर्षांतले खांब खऱ्या खर्चापेक्षा बुटके येतात. महामंडळाचे वार्षिक हिशेब शेजारी घेतल्याशिवाय कृष्णा खोऱ्याचं खरं चित्र उभं राहत नाही.

दुसरी अडचण किमतीची. १९९६ मध्ये टेंभूला मान्यता मिळाली तेव्हा किंमत धरली होती सुमारे १,४१६ कोटी रुपये. २०२४ मध्ये जी सुधारित मान्यता मिळाली ती सुमारे ७,३७० कोटींची. हे दोन खांब शेजारी उभे केले की पाचपटीहून मोठी झेप दिसते, आणि असा आलेख पाहणारा एकच शब्द उच्चारतो : भ्रष्टाचार. पण मूळ योजनेत भिजायचं क्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर होतं. नंतर वाढीव पाणी मिळालं, वंचित गावं आत आली आणि ते सुमारे १ लाख २१ हजार हेक्टरांवर गेलं. खर्चाला हेक्टरांनी भागलं की हेक्टरी पावणेदोन लाखांचे सहा लाख झालेले दिसतात. पाचपटीचे साडेतीन पट झाले. आकडे तेच, फक्त भाजक आला.

मग महागाई. १९९६चा रुपया आणि २०२४चा रुपया एकाच पट्टीवर मोजता येत नाहीत, हे सगळेच मान्य करतात. सोपा मार्ग असा की ७,३७० कोटींना किमतींच्या निर्देशांकानं भागायचं. तसं केलं तर बराचसा चढ उतरतो आणि योजना अगदी वेळच्या वेळी, ठरल्या दरात झाल्यासारखी दिसू लागते. हेही चित्र खोटंच. सुधारित किंमत म्हणजे आधी झालेला जुन्या रुपयांतला खर्च आणि उरलेल्या कामाची नव्या दरातली किंमत यांची बेरीज. या मिसळीला एकाच निर्देशांकानं भागलं की जुने, जास्त किमतीचे रुपये नको तेवढे लहान होतात. प्रत्येक वर्षाचा खर्च वेगळा काढून त्या-त्या वर्षाच्या निर्देशांकानं भागायचा आणि मग बेरीज करायची, याला पर्याय नाही. काम वाढतं, पण कंत्राटदाराला झोडपणारा आणि सरकारची पाठराखण करणारा, दोघांनाही त्यातून निघालेला आकडा मान्य करावा लागतो.

आणि योजना पुरी झाली म्हणजे खर्च संपला असं उपसा सिंचनात होत नाही. पंप चालू आहेत तोवर वीजबिल येत राहणार. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही योजनांना ८१-१९चं सूत्र लागू झालं : वीजबिलाचे ८१ टक्के शासनानं भरायचे, १९ टक्के शेतकऱ्याच्या पाणीपट्टीतून. बांधकामाच्या आलेखात हे बिल कधीच येत नाही, कारण ते दुसऱ्या खात्यावर, दुसऱ्या लेखाशीर्षात पडतं. मी टेंभूचा आलेख काढते तेव्हा बांधकामाच्या खांबांखाली वीजबिलाची पट्टी आणि त्याखाली प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राची पट्टी ठेवते. तिन्हींना वर्षांचा अक्ष एकच. आटपाडीतल्या शेतकऱ्याला तिसरी पट्टी सगळ्यात आधी बघायची असते, आणि त्याचं बरोबर आहे.

भाजकावरून राज्य हादरल्याचंही उदाहरण आपल्यापुढं आहे. २०११-१२च्या आर्थिक पाहणीतून असं दिसलं की दशकभरात राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रातला सिंचनाचा वाटा १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर गेला. सत्तर हजार कोटी खर्चून ०.१ टक्का, हे वाक्य घराघरात पोचलं. पुढं सिंचनाच्या श्वेतपत्रिकेनं वाढ ५.१७ टक्के सांगितली. एका हिशेबात कृषी खात्याचे पीकक्षेत्राचे आकडे होते, दुसऱ्यात जलसंपदा खात्याचे. क्षेत्र कोणतं, विहिरींचं सिंचन धरलं की नाही, कोणतं वर्ष पायाभूत, हे त्या काळात कुठल्याही आलेखाखाली लिहिलेलं मला दिसलं नाही. दोन्ही बाजूंनी आकडे एकमेकांवर फेकले गेले, आणि जिथं पाणी पोचलंच नव्हतं त्या शेतकऱ्याचा प्रश्न मधल्यामध्ये राहिला. तेव्हापासून आलेखाखाली भाजक ठळक अक्षरांत लिहिल्याशिवाय मी तो कुणाच्या हाती देत नाही.

जिल्हा हाच भाजक धरण्याची सवय आपल्याला मोठ्या माणसांनी लावली. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते साताऱ्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीच्या मागं कोणता जिल्हा किती आहे आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल, हे समितीनं काढलं. 'अनुशेष' हा शब्द तिथून महाराष्ट्राच्या राजकारणात रुजला. भाषणांतल्या तक्रारीला मोजमाप देणारं ते काम होतं, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण एकक जिल्हा ठेवल्यामुळं सांगलीसारख्या जिल्ह्याचं काय होतं बघा. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठचा ऊस, साखर कारखाने, वर्षानुवर्षं झालेले रस्ते. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या. दोन्हींची सरासरी काढली की सांगली मध्यम, बऱ्यापैकी जिल्हा ठरतो, आणि असा मध्यम माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही. साताऱ्यात तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीला पाचशेच्या आसपास. त्यांची सरासरी काढून कुणाला काय कळणार?

म्हणून मी तालुक्यावर उतरते, आणि तिथंही एका भाजकावर थांबत नाही. पाटणचा रस्त्यांवरचा खर्च माणशी काढला तर फार दिसू शकतो, कारण डोंगरातल्या वाड्या लांब-लांब आणि माणसं थोडी. तोच खर्च किलोमीटरनं भागला, वर घाटातल्या संरक्षक भिंती आणि मोऱ्या लक्षात घेतल्या, की चित्र बदलतं. दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे, तालुक्यांचा क्रम दोन्हीकडे तोच. माणशी म्हणताना माणसं २०११ची आहेत हेही सांगायचं : सातारा ३०,०३,७४१, सांगली २८,२२,१४३. त्यानंतर जनगणना झालेली नाही. फार मागं जायचं तर जिल्हाही तोच राहत नाही. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. कडेगाव हा तालुका तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी खानापुरातून वेगळा निघाला.

२०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वर्षी नैसर्गिक आपत्तीच्या २२४५ या लेखाशीर्षाचा खांब एवढा उंच होतो की शेजारचे सगळे दिसेनासे होतात. तो वगळा, असं मला अनेकांनी सुचवलं. मी वगळत नाही. त्याची वेगळी चौकट करते आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांची वर्षं तीत एकत्र ठेवते, म्हणजे मदतीचा पैसा पुन्हा-पुन्हा कुठं जातो ते गावागावानं समोर येतं.

गावागावानं म्हणताना सगळ्यात साधी गोष्ट अडते, गावाचं नाव. बोरगाव सातारा तालुक्यात आहे, वाळवा तालुक्यात आहे, कवठेमहांकाळ तालुक्यातही आहे. कामांच्या याद्यांत 'मौजे बोरगाव येथे रस्ता काँक्रीटीकरण' एवढंच लिहिलेलं असेल, तर कुठलं बोरगाव हे ठरवायला फोनाफोनी करावी लागते. 'कवठेमहांकाळ' हेच नाव कुठं जोडून, कुठं तोडून, कुठं 'क. महांकाळ'. संगणकाला ही तीन वेगळी गावं. वास्तविक जनगणनेनं प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. २५१५ असो, ३०५४ असो, वित्त आयोग असो की जिल्हा वार्षिक योजना, प्रत्येक यादीत कामाच्या नावाशेजारी तो क्रमांक आला, तर गेल्या दहा वर्षांत आपल्या गावात काय आलं हे सातवी शिकलेलं पोरही मोबाईलवर बघू शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. यादीत एक रकाना वाढवायचा, आणि टंकणाऱ्यानं त्यात सहा अंक लिहायचे.