सेमाडोहची मोजणी

वैशाखात वऱ्हाडात जातो म्हटल्यावर पुण्याच्या मंडळींनी माझ्याकडे कीवेने पाहिले. अकोल्याला उतरलो, तर मामांनी दारातच फैलावर घेतले : "अरे, पारा ४५ वर, आणि तू जंगलात निघालास? खिशात कांदा तरी ठेव!"

कांदा खिशात, दुपट्टा डोक्याला, अशा थाटात अमरावती-परतवाड्यावरून सेमाडोह गाठले.

मेळघाट १९७४ पासून वाघासाठी राखलेला. मला मात्र ओढ सांबरांची. तिकडे उत्तर अमेरिकेत मूस नावाचे अजस्र हरीण हिवाळ्यात खोल बर्फ तुडवीत, काटक्या चघळीत खंगते. आमच्या सांबराचा हिवाळा म्हणजे उन्हाळा! साग निष्पर्ण, मोहाची फुले संपलेली, सिपना नदी डोहांपुरती उरलेली.

पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो. उजाडेपर्यंत वहीत १९ सांबरे! जुनी शिंगे गळून नवे मखमली कोंब फुटलेला एक नर तर अगदी खाली येऊन गेला. मी खूश.

"एवढी सांबरं! चांगलीच वाढलीत की!"

कोरकू वाटाड्या हसला. "बाकीचं पानी आटलं साहेब, म्हून सारे इथंच येतेत. एका साली अवकाळी पडला, त तीनच आले. बाकीचे मेले होते का मंग?"

माझी वही मिटली.

शेवटी आली ती एक मादी, मागे पाडस. चांदण्यात तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"पाणी तर आहे ना इथे?"

"पानी हाये. चारा कुठी हाये?"

डोहाकाठचा पाला केव्हाच संपला होता. चाऱ्यासाठी दूर जायचे, पाण्यासाठी परतायचे, आणि वाघही पाण्याशीच टपलेला. ती दोघे प्यायली आणि चढण चढून दिसेनाशी झाली.

जूनमध्ये पुण्यात पाऊस आला. घरात वाळवणे आत घेण्याची धांदल, आणि मी वर्तमानपत्रात विदर्भाचा पाऊस शोधतोय! तो लांबला होता.

दसऱ्यानंतर राहवेना, पुन्हा गेलो. गवत छातीइतके, ओढे खळाळते. दोन दिवसांत एक सांबर दिसेल तर शपथ! परतताना वाटाड्याने ओल्या रेतीकडे बोट केले. खुरांची एक मोठी ओळ; शेजारी दुसरी, जरा लहान.

"तीच असतील का रे?"

"कोन जाने साहेब. पन मायलेकरं हायेत."

अकोल्याला मामांनी पानावर बसता बसताच विचारले, "किती दिसली?"

"एकही नाही."

"मग इतका खूश का दिसतोस?"