दोघांसाठी एक खोली

गेल्या वर्षी आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. लग्नानंतरची पहिली सफर गुलबर्ग्याला, ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यावर. एका जीपमध्ये सासू-सासरे, नणंदा, त्यांची मुलं धरून अकराजण. त्यानंतरचे प्रवास म्हणजे लग्नं, मयती आणि परीक्षेची ड्युटी.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. इक्बाल शिकवताना कुर्तुब्याच्या मशिदीचा विषय निघतोच. 1933 साली ते स्पेनला गेले होते. त्या मशिदीवरची त्यांची नज्म 1935 च्या ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये आहे. एका रात्री सहज म्हणून मोबाइलवर ग्रनाडातली भाड्याची घरं बघत बसले. अल्हम्बरासमोरच्या टेकडीवरची पांढरी घरं, दोघांपुरता स्वयंपाकाचा ओटा, खिडकीत कुंड्या. यांनी मागून डोकावून भाडं बघितलं आणि म्हणाले, “व्हिसासाठी आधी राहायची सोय दाखवावी लागते. आणि आपल्याला आधी पीएफ काढावा लागेल.” आम्ही खूप हसलो.

पण खोली शोधायची चटक लागली ती लागलीच. 2025 च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं आणि स्टाफरूममध्ये दुसरा विषय उरला नाही. पोर्तुगीज वळणाची घरं पणजीच्या फोंताइन्हासमध्येही आहेत, तीही व्हिसाशिवाय. दिवाळीच्या सुट्टीत तीन रात्री जायचं ठरवलं. मुलगी पुण्यात शिकते, मुलगा बारावीला. तो दादीजवळ राहणार होता.

शोधताना काही गोष्टी कळल्या. मोठ्या अक्षरातलं भाडं खरं नसतं; साफसफाईचा आकार आणि कर शेवटच्या पानावर दिसतात. फोटोत समुद्र असला तरी तो खोलीतून दिसेलच असं नाही. गोव्यात 1982 च्या कायद्याप्रमाणे पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. माझी स्वतःची यादी छोटी होती: चहापुरता गॅस, संडासात पाण्याचा नळ, बसस्टँड जवळ आणि दाराला आतून कडी.

पणजीतलं एक घर पसंत पडलं. मालकांशी फोनवर छान बोलणं झालं. माझं मराठी ऐकून त्यांनी विचारलं, “सोलापूर म्हणजे चादरी ना?” भाडं ठरलं. मग त्यांनी दोघांची आधार कार्डं मागितली. मी फोटो पाठवले. अर्ध्या तासाने निरोप आला, ‘सॉरी, खोलीत दुरुस्तीचं काम निघालं आहे.’

होऊ शकतं. जुन्या घरात काम निघतंच. पण संध्याकाळी तीच खोली त्याच तारखांना मोकळी दिसत होती. मुलीला राहवलं नाही. तिने पुण्यातल्या रूममेटला विचारायला लावलं. तिला लगेच ‘या’ म्हणून उत्तर आलं.

हे म्हणाले, “जाने दो. दुसरी बघू.” सोलापुरात, पुण्यात भाड्याचं घर शोधताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं आहे. पण मला वाटलं होतं, तीन रात्रींसाठी कोण कशाला नाव बघतंय?

बघतात, आणि आपल्याकडेच बघतात असं नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 साली अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीच्या घरमालकांना एकसारखे निरोप पाठवले, फक्त नावं बदलून. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार सुमारे 16 टक्क्यांनी कमी मिळाले. पुढे 2018 मध्ये कंपनीने ठरवलं की पाहुण्याचा फोटो मालकाला बुकिंग पक्कं झाल्यावरच दिसेल. पण आपल्याकडे फोटोचं काय काम? आडनावावर सगळं कळतं. आमच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म किंवा जातीवरून कुणाला अडवता येणार नाही असं लिहिलंय. मुलांकडून मी ते पाठ करून घेते.

त्या रात्री हे सगळं मी तावातावाने बोलत होते. हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आपल्या वरच्या खोलीचं काय?”

मी गप्प झाले.

आमच्या घरावर एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी लातूरकडची एक मुलगी विचारायला आली होती. नर्सची नोकरी नवीन लागलेली, हातात पिशवी, उन्हातून चालत आलेली. नाव विचारलं, तिने सांगितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, “अपने में का कोई देखो.” आणि मीच दारात उभी राहून तिला म्हणाले, “अहो, कालच भाडेकरू ठरला.” तिने ‘बरं मॅडम’ म्हटलं. जाताना तिचा नंबर देऊन गेली, कुठे कळलं तर सांगा म्हणून. त्यानंतर चार महिने ती खोली रिकामी होती.

दुरुस्तीचं काम आणि कालचा भाडेकरू यांत मला फरक सापडेना. सासूबाईंचीही एक बाजू आहे. त्यांनी दंगलीच्या अफवांच्या रात्री जागून काढल्या आहेत. पण पणजीच्या मालकांकडेही अशीच एखादी बाजू असेल. प्रत्येकाकडे असते. दार मात्र बंदच राहतं.

शेवटी खोली मिळाली फोंड्यात, एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्यांनीही आधार मागितलं, नोंदीसाठी. नावं वाचून विचारलं ते एवढंच, “मासे खाता ना?” पोचल्यावर मी पश्चिम कुठली ते विचारलं. त्यांनी सूर्य मावळतो ती खिडकी दाखवली आणि तिथली खुर्ची स्वतः सरकवून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी साफा मशीद पाहिली. 1560 ची, आदिलशाहीतली, जांभ्या दगडाच्या तळ्याशेजारी. आत जातिवंत शांतता. हे म्हणाले, “अरे, हे तर आपलेच सरकार!” कारण आमचा सोलापूरचा किल्ला चांदबीबीच्या लग्नात निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदण गेला होता. “त्यांना लग्नात किल्ला मिळाला, मला काय मिळालं?” मी म्हटलं, “अकरा सीटांची जीप.”

त्या तीन दिवसांत आम्ही फार काही पाहिलं नाही. दुपारी कडी लावून झोपलो. कुणी हाक मारली नाही, कुणाला औषध द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दुपारी हे त्यांच्या गेलेल्या भावाबद्दल बोलले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. घरी बोलायला जागा नव्हती असं नाही, पण बोलणं सुरू झालं की कुणीतरी दार ढकलायचं.

परत आल्यावर मी त्या नर्सला फोन केला. तिला आठवत होतं. खोटं बोलले होते, एवढं सांगितलं आणि माफी मागितली. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला मिळाली मॅडम खोली. पण माझ्याबरोबरची उदगीरची एक आहे, ती शोधतेय.”

सासूबाईंशी आठवडाभर वाद झाला. गेल्या रविवारी ती मुलगी खोली बघायला आली. मी आधी किल्ली दिली, वर जाऊन बघून ये म्हटलं. नाव नंतर विचारलं. सासूबाई जिन्याखाली बसून होत्या. ती खाली आल्यावर त्यांनी विचारलं, “नाईट ड्युटी असते का? मग फाटक हळू लाव. माझी झोप कच्ची आहे.”