मांजराकाठचा ताळेबंद

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा धाराशिव व लातूर जिल्ह्यांच्या अंगाने वाहत कर्नाटकात बीदरकडे जाते. पुढे तेलंगणातील सिंगूर व निजामसागर ही धरणे ओलांडून ती पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेला येऊन भिडते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. हा प्रवास सुमारे ७२४ किलोमीटरचा. लातूरची बाजारपेठ, तिथल्या डाळमिल आणि तेलगिरण्या, आपल्या समाजातील अनेक घराण्यांच्या पेढ्या या नदीच्या पाण्यावर उभ्या राहिल्या. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा ही नदी काठाकाठाने पाहावी असे मनात आले. साई आणि नागझरीपासून निघून निलंगा तालुक्यातील औराद शहाजानीच्या बाजूने खाली उतरलो, देगलूर-बिलोलीचा पट्टा पाहिला आणि शेवटी नांदेडला गोदावरीच्या घाटावर आलो.

या वाटेवर पाण्याइतकीच एक गोष्ट सतत नजरेसमोर राहिली, ती म्हणजे वाळू. लातूर जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यावर काळी माती भरपूर होते, पण चांगली बांधकामाची वाळू बेताचीच मिळते. बिलोली-देगलूरकडे मात्र दख्खनच्या काळ्या दगडाची सीमा संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक सुरू होतात आणि मांजराची वाळू तांबूस, टणक व भरड होते. ही लाल वाळू बांधकामाच्या धंद्यात नावाजलेली आहे. गोदावरीच्या पात्रात पाणी असेल तेथे तराफे आणि सक्शन पंप लावून वाळू उपसली जाते. महसूल पथकाने तराफे नष्ट केल्याच्या बातम्या नांदेडच्या वाचकाला नव्या नाहीत.

या वाळूची भूक आपल्या भागात कशी वाढली, हेही समजून घेतले पाहिजे. पूर्वीची मराठवाड्यातील घरे दगड, माती आणि लाकूड यांची, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच जड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि सिमेंट-काँक्रीटच्या घराला लोकांच्या मनात सुरक्षिततेचे स्थान मिळाले. ते योग्यच होते. पण काँक्रीट म्हणजे सिमेंट, खडी आणि वाळू. शहर वाढले, गोदामे वाढली, शिकवणीवर्गांच्या निमित्ताने वसतिगृहे वाढली. या सर्वांची वाळू कोठून तरी नदीतूनच आली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ मधील अहवालानुसार जग दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरते. पाण्याच्या खालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो तो हाच पदार्थ.

आता एक साधा हिशेब मांडतो. वाळूच्या कणांमध्ये जी पोकळी असते, ती अगदी हात राखून धरली तरी एकूण आकारमानाच्या चौथ्या हिश्श्याइतकी भरते. एक हेक्टर पात्रात एक मीटर जाडीचा वाळूचा थर असेल तर त्याचे आकारमान १०,००० घनमीटर, म्हणजे बाजाराच्या भाषेत साधारण साडेतीन हजार ब्रास. त्या थरात मावणारे पाणी २,५०० घनमीटर, म्हणजे २५ लाख लिटर. हा आकडा लातूरकरांच्या ओळखीचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून जी पाण्याची रेल्वे लातूरला येत होती, तिच्या ५० वाघिणींतून एका खेपेला साधारण तेवढेच पाणी येई. याचा अर्थ असा, की एक हेक्टर पात्रातून एक मीटर वाळू उचलली की पाण्याच्या एका आगगाडीएवढी साठवण कायमची गेली. आणि ही साठवण झाकलेली असते. उघड्या तलावातले पाणी वैशाखातील ऊन पिऊन टाकते, तसे वाळूखालचे पाणी जात नाही.

औरादच्या अलीकडे एका वयस्क शेतकऱ्याशी बोलणे झाले. ते म्हणाले, “साहेब, आमच्या लहानपणी उन्हाळ्यात वाळूत हातभर झिरा खांदला की प्यायला पाणी लागायचं. आता पात्रात नुसता खडक अन् गाळ. माझी विहीर नदीच्या पातळीवर जगायची. नदी खाली गेली, तशी विहीरबी खाली गेली.” भूजलशास्त्र हेच सांगते. नदीचा तळ जितका खोल जातो, तितकी काठच्या विहिरींची पाणीपातळी त्याच्या मागे उतरते. काठ ढासळतात, पुलांच्या पायांभोवतीची भर निघून जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१६ च्या टंचाईत लातूरकरांनी लोकवर्गणी काढून साई ते नागझरी असे १८ किलोमीटर मांजराचे पात्र रुंद व खोल केले. व्यापाऱ्यांनी त्यात सढळ हाताने दिले. ‘मग वाळू काढली तर काय बिघडले, तेही खोलीकरणच,’ असे कोणी म्हणेल. पण गाळ आणि वाळू यांचे काम उलट आहे. गाळ पाणी मुरू देत नाही, वाळू मुरवते आणि धरून ठेवते. गाळ काढणे म्हणजे वसुली होत नसलेले खाते साफ करणे. वाळू काढणे म्हणजे मुद्दलाला हात लावणे.

बँकेत माझी बरीच वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. प्रकल्प अहवालात उत्पन्नाची बाजू नेहमी भरघोस असे. परतफेडीची बाजू तपासणे हे अधिकाऱ्याचे काम. खाणकामातील पर्यावरण आघात मूल्यांकन हे त्याच जातीचे काम आहे. आपल्याकडे त्याची पहिली अधिसूचना जानेवारी १९९४ ची, सध्याची चौकट १४ सप्टेंबर २००६ ची. ५ हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्टे मात्र बराच काळ या चौकटीबाहेर राहिले. मोठ्या पट्ट्याचे लहान तुकडे केले की तपासणी टळत असे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा पातळीवर प्राधिकरणे नेमून लहान पट्ट्यांसाठी सोपी पद्धत आणली. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिच्यातील सवलती अमान्य केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला: नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते याचा अभ्यास नसेल, तर जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही.

व्यापारी वाचकाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पुरासोबत येणारी वाळू म्हणजे व्याज, पात्रात शतकानुशतके साठलेली वाळू म्हणजे मुद्दल. व्याज किती हे माहीत नसताना उचल मंजूर करणारा व्यवस्थापक नोकरीत टिकणार नाही. शिवाय वरच्या बाजूला धरणे व बंधारे झाले की वाळू त्यांच्यामागे अडते आणि खाली येणारे व्याज आणखी घटते.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कॅनडाच्या उत्तरेस, आर्क्टिक वृत्तातील बॅफिन बेटावर मेरी रिव्हर ही लोहखनिजाची खाण आहे. कंपनीला उत्पादन वर्षाला ६० लाख टनांवरून १ कोटी २० लाख टनांवर न्यायचे होते आणि त्यासाठी ११० किलोमीटरचा लोहमार्ग हवा होता. तेथील इनुइट शिकाऱ्यांनी सांगितले की जहाजांच्या वर्दळीमुळे नारव्हाल हे सागरी सस्तन प्राणी दूर जात आहेत. प्रदीर्घ तपासणीनंतर नूनावुतच्या आघात परीक्षण मंडळाने मे २०२२ मध्ये प्रस्ताव नाकारण्याची शिफारस केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी ती मान्य केली. आपल्या अन्नापेक्षा वेगळे अन्न खाणाऱ्या त्या लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की जो रोज त्या पाण्यावर जगतो त्याची साक्ष तेथे पुरावा म्हणून मोजली गेली. औरादच्या त्या शेतकऱ्याची साक्ष कोणत्या कागदावर आहे?

आपल्या कायद्यातही जागा आहे. जनसुनावणी लागू असलेल्या प्रकल्पात किमान ३० दिवस आधी स्थानिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी लागते, अहवालाचा गोषवारा मराठीतही उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणीत स्थानिक रहिवाशाला आपले म्हणणे नोंदवता येते. त्या सूचना आपण वाचत नाही. बाजारभावाचे पान मात्र चुकवत नाही.

नवे दुकान, गोदाम वा घर बांधताना कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. वाळू कोणत्या घाटाची, आणि वाहतूक परवाना कोठे आहे? पावतीवाचून माल आपण दुकानात उतरवून घेत नाही; रात्री आलेला हायवा मात्र दर चांगला आहे म्हणून उतरवून घेतला जातो. दुसरा मार्ग दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा. आपला काळा बेसाल्ट त्यासाठी चांगला चालतो आणि राज्य शासनानेही २०२५ मध्ये या वाळूसाठी धोरण आणले आहे. अर्थात दगडखाणीलाही धूळ, सुरुंग आणि खड्डे यांचा हिशेब द्यावा लागतोच; पण टेकडीतला दगड गावाच्या विहिरीतील पाणी धरून ठेवत नाही.

नांदेडच्या घाटावर संध्याकाळी भाविकांची गर्दी होती. पलीकडच्या तीरावरून टिपरची रांग शहराकडे चालली होती. त्यांतील प्रत्येक खेप कोणाच्या तरी बांधकामावर उतरणार होती. ती कोणाच्या, हे विचारण्याचा अधिकार शासनाला आहे. आपल्या बांधकामापुरते ते विचारण्याचे कर्तव्य आपले आहे.